रिकॉलची सूचना: दप्तर चोख, इशारा उशिराचा

अमेरिकेत मांस, कोंबडी आणि अंड्यांपासून तयार केलेले पदार्थ यांच्यावर देखरेख ठेवण्याचे काम एफएसआयएस या कृषिखात्याच्या शाखेकडे आहे, आणि या शाखेची एक विनामूल्य सेवा आहे. संकेतस्थळावर आपला ई-मेल नोंदवला की देशात कुठेही दूषित किंवा सदोष मांस बाजारातून परत मागवले गेल्यास, म्हणजेच त्याचा रिकॉल झाल्यास, त्याची सूचना आपल्याला मिळते. मी या सूचना नियमितपणे वाचतो. हे परीक्षण मात्र मी ग्राउंड बीफपुरते, म्हणजे बीफच्या खिम्यापुरते, मर्यादित ठेवले आहे, कारण या सेवेची खरी कसोटी तिथेच लागते. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी बीफ शिजत नाही याची मला कल्पना आहे. परंतु मुले शाळेच्या कॅफेटेरियात, मित्रांच्या घरच्या बार्बेक्यूला आणि महामार्गावरच्या बर्गरच्या दुकानात जे खातात ते आपल्या स्वयंपाकघराच्या नियमांनी चालत नाही.

खिमाच का, हे आधी सांगितले पाहिजे. मांसाच्या अखंड तुकड्यावर जंतू असलेच तर ते बहुधा पृष्ठभागावर असतात आणि तव्यावर दोन्ही बाजू नीट भाजल्या की मरतात. खिमा करताना हाच पृष्ठभाग आत जातो आणि सगळीकडे मिसळतो. शिवाय बर्गरच्या एका पॅटीत अनेक जनावरांचे, कधी तर वेगवेगळ्या कत्तलखान्यांतून आलेले मांस एकत्र असू शकते, त्यामुळे एका ठिकाणची घाण शेकडो पाकिटांत पोचते. ई. कोलाय ओ१५७:एच७ या जंतूच्या बाबतीत तर अगदी थोडी लागणही पुरते. त्याच्या विषाने आतड्यांतून रक्तस्राव होतो, आणि लहान मुलांत त्यातून एचयूएस हा विकार उद्भवल्यास मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळू. सूचनेचा साचा ठरलेला आहे आणि तो चांगला आहे. कंपनीचे नाव आणि गाव, किती पौंड माल, कोणत्या कारणासाठी, कोणत्या तारखांना तयार झालेला, कोणत्या राज्यांत गेलेला, पाकिटाचे वजन किती आणि त्यावर कोणता मजकूर आहे, हे सारे क्रमाने दिलेले असते. बहुतेक वेळा वेष्टनांची छायाचित्रेही जोडलेली असतात. रिकॉलचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गात आरोग्याला गंभीर धोका किंवा मृत्यूची रास्त शक्यता असते, दुसऱ्यात धोका दूरचा असतो, तर तिसऱ्यात आरोग्याला अपाय होणार नाही असे गृहीत धरलेले असते. सूचना स्पॅनिशमध्येही निघतात. सर्वांत महत्त्वाचा असतो तो कारखान्याचा क्रमांक. तपासणीच्या गोल शिक्क्यात किंवा पाकिटावर अन्यत्र ‘ईएसटी.’ या अक्षरांपुढे तो छापलेला असतो. एकाच कारखान्याचा माल निरनिराळ्या दुकानांच्या निरनिराळ्या नावांनी विकला जातो, म्हणून दुकानाचे नाव पाहून काहीच कळत नाही. क्रमांक पाहिला तर कळते. सरकारी कागद म्हणून पाहिले तर इतका नेटका आणि सामान्य माणसाला समजेल असा कागद मी फार ठिकाणी पाहिलेला नाही.

परंतु इशाऱ्याची किंमत वेळेवर ठरते, आणि तिथे चित्र बदलते. २०१८ सालचे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. अ‍ॅरिझोनातील टॉलसन येथील जेबीएस कंपनीच्या कारखान्यातील, ईएसटी. २६७ या क्रमांकाचा खिमा साल्मोनेला न्यूपोर्ट या जंतूने दूषित निघाला. हा माल २६ जुलै ते ७ सप्टेंबर या काळात पॅक झालेला होता. पहिले रुग्ण ५ ऑगस्टच्या सुमाराचे. साल्मोनेलाच्या या रुग्णांचा तपास सुरू असल्याचे एफएसआयएसला ५ सप्टेंबरला कळले, आणि ६५ लाखांहून अधिक पौंड माल परत मागवल्याची घोषणा झाली ती ४ ऑक्टोबरला. डिसेंबरमध्ये रिकॉलची व्याप्ती वाढवावी लागली आणि एकूण आकडा १ कोटी २० लाख पौंडांवर गेला. शेवटी ३० राज्यांतील ४०३ रुग्णांची नोंद झाली. त्यांतील ११७ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. सुदैवाने कुणी दगावले नाही. मात्र रुग्ण आजारी पडण्याचे सत्र पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत चालू राहिले. खिमा फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने राहतो, आणि रिकॉलची बातमी फ्रीझरपर्यंत पोचत नाही.

या उशिराबद्दल यंत्रणेला सरसकट दोष देणे मला न्याय्य वाटत नाही. माणूस दूषित अन्न खातो, काही दिवसांनी आजारी पडतो, त्यानंतर डॉक्टरकडे जातो, नमुना तपासला जातो, प्रयोगशाळेत जंतूचा जनुकीय ठसा काढला जातो आणि १९९६ पासून चालू असलेल्या पल्सनेट या जाळ्यात तो इतर राज्यांतील ठशांशी ताडून पाहिला जातो. एखादा रुग्ण विशिष्ट साथीचा भाग आहे हे ठरायला यात साधारण तीन ते चार आठवडे जातात. हा वेळ निसर्गाचा आणि प्रयोगशाळेचा आहे. त्यानंतर रुग्णांनी काय खाल्ले, कुठून घेतले याचा माग काढावा लागतो. दुकानांच्या सवलत-कार्डांवरील खरेदीच्या नोंदी इथे फार कामाला येतात, आणि टॉलसनच्या प्रकरणातही त्या वापरल्या गेल्या. माझी तक्रार आहे ती यानंतरच्या, टाळता येण्याजोग्या उशिराबद्दल.

तो कसा होतो याचे जुने उदाहरण २००७ सालचे, न्यू जर्सीतील एलिझाबेथ येथील टॉप्स कंपनीचे. सप्टेंबरच्या सुरुवातीला जंतू सापडल्याचा पहिला निष्कर्ष हाती आला होता, आणि तरी रिकॉल जाहीर व्हायला महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला. आधी साडेतीन लाख पौंडांच्या आत असलेला आकडा चार दिवसांत २ कोटी १७ लाखांवर गेला, म्हणजे जवळजवळ वर्षभराचे उत्पादन. आकडा एवढा फुगण्यामागे एक कारण होते. आदल्या दिवशी उरलेला खिमा दुसऱ्या दिवशीच्या मालात मिसळण्याची पद्धत असली, तर दूषित माल कोणत्या तारखेला सुरू झाला आणि कुठे संपला याची रेषच ओढता येत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात ६७ वर्षांची ती कंपनी बंद पडली. परत मागवलेल्या मालापैकी बराचसा तोवर लोकांच्या पोटात गेलेला होता.

परत मागवलेले मांस खरोखर किती परत येते, हा प्रश्न विचारायला हवा, आणि सूचनेत त्याचे उत्तर नसते. अमेरिकी काँग्रेसच्या वतीने सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या जीएओ या संस्थेने २००४ मध्ये आधीच्या वर्षीच्या रिकॉलचा हिशेब केला, तेव्हा कृषिखात्याच्या अखत्यारीतील माल सरासरी ३८ टक्क्यांच्या आसपासच परत मिळाल्याचे आढळले. आकडा जुना आहे हे खरे, पण ताज्या खिम्याचे आयुष्य फ्रिजमध्ये एकदोन दिवसांचेच असते, तेव्हा यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. ‘इतके लाख पौंड परत मागवले’ असा मथळा वाचून तेवढे मांस बाजारातून उचलले गेले असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

सेवेतील दुसरा मोठा दोष दुकानाच्या काउंटरवर दिसतो. कारखान्यातून बंद होऊन आलेल्या पाकिटावर क्रमांक असतो. पण दुकानातच दळलेला खिमा पांढऱ्या ट्रेमध्ये, वर पारदर्शक कागद लावून मिळतो, आणि त्यावरच्या चिठ्ठीवर दुकानाचे नाव, वजन, भाव आणि तारीख असते. मांस कुठल्या कारखान्यातून आले हे ग्राहकाला कळण्याची सोय नसते. कृषिखात्याने डिसेंबर २०१५ मध्ये नियम करून दुकानांना दळणाची नोंदवही ठेवणे बंधनकारक केले. कोणत्या पुरवठादाराचे मांस, त्याचा कारखाना-क्रमांक काय, कोणत्या दिवशी किती वाजता दळले, यंत्र कधी धुतले, हे तिच्यात लिहावे लागते. नियम उत्तम आहे आणि तपासनीसांना त्याचा उपयोगही होतो. पण ती वही दुकानाच्या आतल्या खोलीत राहते. तोच क्रमांक ट्रेवरच्या चिठ्ठीवर छापायला फार मोठा खर्च यावा असे मला वाटत नाही. चिठ्ठी तर यंत्रातूनच निघते.

पहिल्या वर्गाच्या रिकॉलमध्ये ज्या दुकानांत माल गेला त्यांची यादी एफएसआयएस प्रसिद्ध करते. २००८ पूर्वी तीही मिळत नव्हती, व्यापारी गुपित म्हणून ती राखून ठेवली जाई. ही यादी मिळू लागली हे ग्राहकांच्या चळवळीचे मोठे यश आहे. तरीही ती रिकॉलबरोबर येत नाही, काही दिवसांनी येते, आणि तिच्यात उपाहारगृहे, शाळा व रुग्णालये नसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये डेट्रॉइटच्या वुल्व्हरिन पॅकिंग कंपनीने १,६७,२७७ पौंड खिमा परत मागवला, तेव्हा ही उणीव उघडी पडली. मिनेसोटात उपाहारगृहांतील बर्गर खाऊन किमान १५ जण आजारी पडले होते. हा माल उपाहारगृहांनाच पुरवला जात होता, त्यामुळे घरच्या फ्रिजमध्ये शोधावे असे काही नव्हतेच. त्यातल्या ताज्या मालावर १४ नोव्हेंबरपर्यंत वापरण्याची सूचना होती आणि रिकॉल जाहीर झाला २० नोव्हेंबरला. अशी सूचना वाचून ग्राहकाने नेमके काय करावे, तर आपण गेल्या पंधरवड्यात कुठे काय खाल्ले ते आठवावे, एवढेच.

आणखी एक पोटभेद नव्या वाचकाला गोंधळात टाकतो. माल विक्रीतून आधीच संपलेला असेल तर एफएसआयएस रिकॉलची विनंती न करता केवळ ‘सार्वजनिक आरोग्य इशारा’ काढते. परत मागवायला काही उरलेलेच नसल्यामुळे प्रशासकीय तर्कशास्त्राला धरून ते बरोबरही असेल, परंतु ज्याच्या फ्रीझरमध्ये ते पाकीट पडून आहे त्याच्या दृष्टीने दोन्हींत काडीचाही फरक नाही. उलट ‘इशारा’ हा शब्द ‘रिकॉल’पेक्षा सौम्य वाटतो आणि वाचला जात नाही.

पत्रपेटीत येणाऱ्या गर्दीचाही विचार हवा. रिकॉलमध्ये मोठा वाटा जंतूंचा नसतो. वेष्टनावर न सांगितलेला दुधाचा, सोयाचा किंवा गव्हाचा अंश, मांसात सापडलेले प्लॅस्टिकचे वा धातूचे तुकडे, तपासणीविना आयात झालेला माल अशी कारणे वारंवार येतात. ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांना यांतील काही सूचना जिवाइतक्या मोलाच्या आहेत. इतरांना मात्र न वाचता पुसण्याची सवय लागते, आणि त्या सवयीत ई. कोलायची सूचनाही पुसली जाते. शिवाय या सेवेत सगळे अन्न येतच नाही. भाज्या, फळे, दूध, चीज आणि बहुतेक मासे एफडीए या अन्न व औषध प्रशासनाकडे आहेत. चीजचा पिझ्झा एफडीएकडे आणि त्यावर पेपरोनी पडली की कृषिखात्याकडे. कॅटफिश हा एकच मासा तेवढा कृषिखात्याच्या वाट्याला आला आहे, तोही राजकारणामुळे. दोन्हींच्या सूचना एकत्र पाहायच्या असतील तर फूडसेफ्टी.गव्ह हे संकेतस्थळ अधिक सोयीचे आहे.

जे अधिकार बरेच लोक गृहीत धरून चालतात ते मात्र या सेवेच्या मागे नाहीत. मांसाचा रिकॉल कायद्याने ऐच्छिक आहे. खाते कंपनीला विनंती करते आणि माल कंपनी मागवते. नकार दिल्यास खाते माल अडकवून ठेवू शकते, जप्तीसाठी न्यायालयात जाऊ शकते, कारखान्यातील तपासनीस काढून घेऊ शकते. तपासनीस नसला की शिक्का नाही आणि शिक्का नसला की विक्री नाही, त्यामुळे कंपन्या सहसा ताणत नाहीत. पण एफडीएला २०११ च्या कायद्याने सक्तीच्या रिकॉलचा जो अधिकार मिळाला तो कृषिखात्याला अद्याप नाही. पालकात जंतू निघाल्यास सरकार हुकूम काढू शकते आणि खिम्यात निघाल्यास विनंती करते, ही विसंगती कोणत्याही तर्काने पटत नाही.

इथून वाद सुरू होतो तो जबाबदारीचा. जंतू निघाला तर चूक विकणाऱ्याची की शिजवणाऱ्याची? १९७४ मध्ये राजधानी वॉशिंग्टन डी.सी.तील संघीय अपील न्यायालयाने साल्मोनेलाबाबत निकाल देताना, अमेरिकी गृहिणी काही अडाणी नाहीत आणि त्यांच्या नेहमीच्या शिजवण्यात हा जंतू मरतो, अशा आशयाचे मत नोंदवले होते. ही भूमिका पुढे दोन दशके टिकली. मग १९९२ च्या अखेरीस आणि १९९३ च्या सुरुवातीस जॅक इन द बॉक्स या उपाहारगृहांच्या साखळीतील बर्गरमधल्या ई. कोलायमुळे ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. वॉशिंग्टन राज्याचा नियम बर्गर १५५ अंश फॅरनहाइटपर्यंत शिजवण्याचा होता, आणि ही साखळी त्या वेळच्या १४० अंशांच्या संघीय निकषाने चालली होती. सप्टेंबर १९९४ मध्ये एफएसआयएसचे तत्कालीन प्रमुख मायकेल टेलर यांनी मांस-उद्योगाच्याच सभेत जाहीर केले की यापुढे कच्च्या खिम्यात ई. कोलाय ओ१५७:एच७ सापडल्यास तो माल कायद्याने भेसळयुक्त मानला जाईल. उद्योगाने न्यायालयात आव्हान दिले आणि तो हरला. माझ्या मते गेल्या ३० वर्षांत बीफ अधिक सुरक्षित होण्यामागे या एका निर्णयाचा वाटा सर्व ई-मेल सूचनांपेक्षा मोठा आहे, कारण त्याने तपासणी कारखान्यात नेली. २०१२ मध्ये त्याच कुळातील आणखी सहा प्रकारांना हा नियम लागू झाला, आणि २०१३ पासून सरकारी चाचणीचा निकाल येईपर्यंत माल बाजारात सोडण्यावर बंदी आली.

साल्मोनेला मात्र या यादीत नाही. म्हणूनच टॉलसनसारखे प्रकरण रुग्ण सापडल्यानंतरच उजेडात येते. कच्च्या कोंबडीतील साल्मोनेलावर मर्यादा घालू पाहणारा प्रस्ताव कृषिखात्याने एप्रिल २०२५ मध्ये मागे घेतला. त्याच वर्षी जुलैपासून अन्नातून होणाऱ्या आजारांची नोंद ठेवणाऱ्या फूडनेट या जाळ्याचे सक्तीचे सर्वेक्षण आठ जंतूंवरून दोनांवर आणले गेले. उरलेले दोन साल्मोनेला आणि विषकारी ई. कोलाय हेच असल्याने खिम्यापुरते नुकसान कमी आहे, असे म्हणता येईल. पण रोग मोजायचे कमी केले की रिकॉलही कमी होतात, आणि मग आकडेवारी सुधारल्यासारखी दिसते.

एवढे सारे राजकारण ज्या जागी दोन ओळींत दिसते ती जागा म्हणजे प्रत्येक कच्च्या मांसाच्या पाकिटावरची, १९९४ पासून सक्तीची झालेली, सुरक्षित हाताळणीची चौकट. तिचे पहिले वाक्य सांगते की हे उत्पादन तपासून मान्य झालेल्या मांसापासून तयार केलेले आहे. दुसरे सांगते की हाताळणीत किंवा शिजवण्यात हयगय झाल्यास आजार घडवू शकतील असे जंतू काही पदार्थांत असू शकतात. खाली चार छोटी चित्रे, आणि शिजवण्याबद्दल सक्तीचा मजकूर एवढाच की पूर्ण शिजवा. किती अंशांपर्यंत, ते नाही. खुद्द कृषिखात्याचा सल्ला खिम्याच्या मध्यभागी १६० अंश फॅरनहाइट, म्हणजे ७१ अंश सेल्सिअस असा स्पष्ट आहे, आणि रंगावर विसंबू नका हेही खाते वारंवार सांगते, कारण चारांतला एक बर्गर सुरक्षित तापमानाला पोचण्याआधीच आतून तपकिरी होतो. ज्या ओळीची सर्वांत जास्त गरज आहे तीच चौकटीत नसावी, हे मला अक्षम्य वाटते.

आकड्यांनी दिपून जाऊ नये म्हणून एक गोष्ट जाता जाता. या देशातील सर्वांत मोठा बीफ रिकॉल, फेब्रुवारी २००८ मधील कॅलिफोर्नियातील चिनो येथील हॉलमार्क/वेस्टलँड कंपनीचा, १४ कोटी ३० लाख पौंडांचा होता. पण तो कुणी आजारी पडल्यामुळे झाला नव्हता. उभे राहू न शकणारी जनावरे नियम मोडून कत्तलीसाठी ढकलली जात असल्याचे चित्रण बाहेर आले म्हणून तो झाला, आणि त्याचा वर्ग दुसरा होता. त्याउलट सप्टेंबर २०१८ मधील कारगिलचा रिकॉल १,३२,६०६ पौंडांचा, त्या मानाने किरकोळ. त्या साथीत १८ जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. तेव्हा सूचना वाचताना पौंड नंतर पाहावेत. आधी वर्ग, जंतूचे नाव आणि तारखा पाहाव्यात.

पाचांपैकी गुण द्यायचे तर माहितीच्या नेमकेपणाला साडेचार, वेळेवर पोचण्याला दोन, आणि ग्राहकाला पुढची कृती करता यावी या दृष्टीने अडीच. सभासदत्वावर चालणारी काही घाऊक दुकाने खरेदीच्या नोंदीवरून थेट ग्राहकालाच फोन किंवा ई-मेल करतात. ती सोय जिथे असेल तिथे ती या सरकारी सेवेपेक्षा निःसंशय सरस आहे. तरीही घरात पाच वर्षांखालचे मूल, गरोदर स्त्री किंवा वयस्कर माणूस असेल तर नोंदणी जरूर करावी, फुकट आहे. त्याच्या जोडीला टोकदार डिजिटल थर्मामीटर घ्यावा आणि तो पॅटीत वरून न खुपसता बाजूने मध्यापर्यंत घालावा. आणि मोठे पाकीट आणून खिम्याचे छोटे वाटे करून फ्रीझरमध्ये टाकण्याची आपल्याकडे जी सर्रास पद्धत आहे, तिच्यात मूळ वेष्टन कचऱ्यात जाते. त्याऐवजी कारखान्याचा क्रमांक आणि तारीख असलेला तुकडा कापून पिशवीत वरच्या बाजूला ठेवावा, म्हणजे दोन महिन्यांनी सूचना आली तरी ती कशाशी ताडून पाहायची हे कळेल.